जोडीचे पुस्तक

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, हा तर कॉलेजातला विषय. शेतीवाडी सांभाळून रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला याचे काय? पण थोडा धीर धरा. घरात कोणी मुलगा किंवा मुलगी मराठी घेऊन बी. ए., एम. ए. करीत असेल, गावच्या शाळेत आपण मराठी शिकवीत असाल, किंवा नुसती वाचनाची आवड असेल, तरी हा विषय आपल्या उपयोगाचा आहे. शिवाय हा विषय समजावून सांगायला मला जो दाखला सर्वांत सोयीचा वाटतो, तो आपल्याच दावणीचा आहे.

बैलजोडी कशी जुळवतात, ते आपल्याला मी सांगायला नको. घरी एक बैल असला आणि त्याला जोडीदार हवा असला, म्हणजे शेतकरी बाजारात जाऊन सर्वांत देखणा बैल घेऊन येत नाही. घरच्या बैलाची उंची, त्याची चाल, त्याचा स्वभाव डोळ्यांसमोर ठेवून तो बाजार फिरतो. एक उंच आणि एक ठेंगणा झाला तर जू कलते. एक तरतरीत आणि एक मंद झाला तर नांगराचा तास वाकडा जातो. पण दोघे अगदी एकसारखेच हवेत असेही नाही. रंग वेगळा असेल, शिंगांची ठेवण वेगळी असेल. एकच गोष्ट हवी, दोघांच्या मानेवर एक जू बसले पाहिजे.

तौलनिक निबंधासाठी दुसरे पुस्तक निवडणे म्हणजे नेमके हेच. एक पुस्तक आपल्या हाती आहे, मनात भरलेले आहे. त्याच्या जोडीला दुसरे कोणते घ्यावे? आणि घेतल्यावर दोहोंचा विचार कसा करावा? एवढ्याच दोन प्रश्नांवर आज बोलणार आहे.

दोन मजकूर शेजारी ठेवून वाचण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. ठाण्यात टेंभी नाक्यावर बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. १८७९ साली ते बांधले गेले. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हशामाईम', म्हणजे स्वर्गद्वार. हा समाज शतकानुशतके कोकणात राहिला, तेलाचे घाणे चालवून आणि शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला, आणि त्याची मायबोली मराठी झाली. वल्हांडणाच्या सणाला वाचायचा त्यांचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापला गेला. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात सणाची भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. मिसर देशातल्या गुलामीची आणि सुटकेची ती कथा. पण ती वाचणाऱ्या घराची भाषा आणि वेश मराठी. दोन भाषा शेजारी आल्या की जी गोष्ट एकीत सहज नजरेआड होते, ती दुसरीमुळे दिसू लागते. तुलनेचा सगळा फायदा एवढ्या एका वाक्यात येतो.

या अभ्यासाला मोठी परंपराही आहे. जर्मन कवी ग्योएटे याने १८२७ साली विश्वसाहित्याची कल्पना बोलून दाखवली. १९०७ साली रवींद्रनाथांनी कलकत्त्यात 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिले. १९५६ साली जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठात रवींद्रनाथांच्याच नावाने असलेल्या तौलनिक साहित्याच्या अध्यासनावर वसंत बापट आणि भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या मराठी लेखकांनी काम केले. हे सांगितले ते मोठी नावे ऐकवण्यासाठी नव्हे. आपल्या मुलांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, की तौलनिक म्हटले म्हणजे एक पुस्तक इंग्रजी हवेच. तसे मुळीच नाही. मराठीतली दोन पुस्तके घेऊनही उत्तम तौलनिक निबंध होतो. किंबहुना पहिला निबंध तसाच करावा.

आता जोडी जुळवताना पुस्तकांची नाती कोणकोणत्या प्रकारची असतात ते पाहू. मी त्यांना घरातल्या नात्यांचीच नावे देतो.

पहिले नाते आईबाप आणि लेकराचे. एका ग्रंथातून दुसरा जन्माला आलेला असतो. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' हे नाटक केले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'वरून आलेले. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, आणि त्याच्यामागे 'किंग लिअर' उभा आहे हे जाणकारांनी तेव्हाच ओळखले. अशा जोडीत साम्य शोधण्यात फारसा अर्थ नाही. ते असणारच, लेकरू आईबापांवर जायचेच. प्रश्न विचारायचा तो हा की बदलले काय? लिअर राज्य वाटून टाकतो, गणपतराव बेलवलकर आयुष्यभराची कमाई वाटून टाकतात. शेक्सपिअरच्या नाटकात लिअरची राणी कुठेच नाही. शिरवाडकरांनी बेलवलकरांना कावेरी दिली, आणि ते तिला 'सरकार' म्हणतात. राज्य नसलेल्या राजाला घरात एक सरकार आहे! ही एक भर घातल्याने म्हाताऱ्याचे दुःख किती बदलते, याचा विचार केला तरी दहा पानांचा निबंध होईल.

दुसरे नाते एका घरात राहणाऱ्या दोघांचे. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली. संसार एक, पुस्तके दोन. बाया बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या, आणि १८९३ साली त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्या विवाहाबद्दल नवरा काय लिहितो आणि बायको काय लिहिते, हे शेजारी ठेवून वाचावे. कार्यकर्त्याच्या घरात चूल कोणी आणि कशी पेटती ठेवली, याचा हिशेब दोन्ही पुस्तकांत सारखा सापडत नाही. न सापडणे हाही पुरावाच असतो.

तिसरे नाते भावंडांचे. दोन पुस्तके एकमेकांपासून जन्मलेली नसतात, पण एकाच काळाच्या, एकाच परिस्थितीच्या पोटी आलेली असतात. आणि चौथे नाते शेजाऱ्याचे, दूरच्या आळीतल्या शेजाऱ्याचे. ज्याच्या ओसरीवरून पाहिले तर आपलेच घर वेगळे दिसते.

या शेवटच्या दोन नात्यांसाठी एक उदाहरण सविस्तर घेऊ.

आमच्याकडे ठाण्याला मुरबाड, शहापूर, भिवंडी या बाजूंनी पुष्कळ मुले शिकायला येतात. एका वर्षी एका मुलीने निबंधासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली. पुस्तक तिला मनापासून आवडले होते. दुसरे पुस्तक कोणते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, ॲन फ्रँकची डायरी घेऊ का? ती पण बाईच आहे." मी म्हटले, "बाळ, दोघी बायका आहेत, एवढ्यावर जोडी जुळत नाही. दोन्ही बैलांना चार पाय आहेत म्हणून कोणी त्यांना एका जुवाखाली धरतं का?" ती हसली, पण प्रश्न तसाच राहिला. जू कोणते?

इथे मी आपल्याला पहिला नियम सांगतो. दुसरे पुस्तक शोधण्याआधी प्रश्न शोधा. पहिल्या पुस्तकात वाचताना आपण जिथे अडलो, थबकलो, हसलो किंवा चिडलो, तिथे प्रश्न असतो. त्या मुलीला मी विचारले, वाचताना सर्वांत आधी काय खटकले? तिने फार सुंदर उत्तर दिले. म्हणाली, "सर, ह्या बाई नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. माझी आजी तर आजोबांचं नाव अजून घेत नाही."

श्रोतेहो, हेच ते जू. नवऱ्याचे नाव! आपल्या समाजात बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. घ्यायचेच तर लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात उखाण्यामध्ये गुंफून, लाजत लाजत घ्यायचे. 'अहो', 'तिकडून', 'आमच्याकडचे', 'अमक्याचे बाबा', अशी किती वळणे आपल्या भाषेने केली! मग जी बाई नवऱ्याविषयी अख्खे पुस्तक लिहिते, ती त्याला काय म्हणते? आणि त्या म्हणण्यावरून तिची स्वतःची जागा कुठे दिसते? हा प्रश्न ठरला की दुसरे पुस्तक जवळजवळ आपोआप पुढे येते.

ते पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', १९१० साली प्रसिद्ध झालेले. दोघींची तुलना करायला भूमी किती समान आहे पाहा. दोघी एकाच काळच्या. रमाबाई थोड्या वडील, लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. दोघींची लग्ने अकराव्या वर्षाच्या आसपास झालेली. दोघींचे नवरे महाराष्ट्रात नावाजलेले. एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, दुसरे कवी नारायण वामन टिळक. दोघींनी वैधव्य आल्यानंतर काही वर्षांनी लिहिले. रानडे १९०१ साली वारले, पुस्तक नऊ वर्षांनी आले. टिळक १९१९ साली वारले, 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून पुढे निघाले. इतकी भूमी समान असल्यामुळे फरक दिसला की तो ठळक दिसतो. सारख्या मातीच्या दोन वाफ्यांत दोन तऱ्हेचे पीक आले, तर दोष मातीला देता येत नाही. बी कोणते आणि पाणी किती, हे पाहावे लागते.

आता विश्लेषणाला लागू. रमाबाई आपल्या पतीचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करतात. किती विलक्षण शब्द आहे हा! 'स्वतः' म्हणजे खरे तर बोलणारा आपण. तोच शब्द त्यांनी पतीसाठी ठेवला. त्यात आदर आहे, संकोच आहे, आणि आपले वेगळेपण त्या व्यक्तीत मिसळून टाकण्याची वृत्तीही आहे. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९३८ साली झाले, तेव्हा भाषांतरकर्तीला हा शब्द इतका महत्त्वाचा वाटला की तिने पुस्तकाचे नावच 'हिमसेल्फ' असे ठेवले. आत्मचरित्र बाईचे, आणि नावात पुरुषवाचक 'स्वतः'!

उलट लक्ष्मीबाई म्हणतात, 'टिळक'. ना 'अहो', ना 'स्वतः'. एखाद्या मित्राबद्दल, शेजाऱ्याबद्दल बोलावे तसे. त्यामुळे काय होते? नवरा डोळ्यांसमोर चार हात दूर उभा राहतो. दूर उभे राहिलेले माणूस पूर्ण दिसते; त्याचा मोठेपणा दिसतो, त्याचा तऱ्हेवाईकपणाही दिसतो. टिळकांचा संताप, त्यांचे घर सोडून जाणे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, हे सगळे लक्ष्मीबाई हसत हसत सांगू शकतात. स्वतःलाही त्या हसतात. नाव घेण्याची मोकळीक आणि हसण्याची मोकळीक या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत, असे आपण निबंधात म्हणू शकतो; पण म्हटल्यावर तीन-चार प्रसंग पानांसह दाखवले पाहिजेत. नुसते म्हणून भागत नाही.

आणखी एक मुद्दा घ्या. नवऱ्याने धर्माच्या बाबतीत घेतलेला निर्णय आणि बायकोचे मन. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण गाजले, आणि पुढे रानड्यांनी त्याबद्दल प्रायश्चित्त घेतले. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग पतीकडे गेल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. दोन्ही वेळी निर्णय नवऱ्याचा, आणि त्याचे चटके घरातल्या बाईला. विद्यार्थ्याने ही दोन प्रकरणे समोरासमोर ठेवावीत आणि प्रत्येक वाक्याशी थांबून पाहावे. कुठे पतीची बाजू मांडली आहे? कुठे लेखिकेचे स्वतःचे मन बोलते? कुठे ती गप्प बसते? एक प्रकरण चहाच्या पेल्याचे आणि दुसरे अख्ख्या धर्माचे. वजन सारखे नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे. तुलनेत वजनातला फरक लपवून ठेवणे हे खोटे माप वापरण्यासारखे आहे.

तिसरा मुद्दा शिकण्याचा. रमाबाईंना रानड्यांनी लग्नानंतर लगेच शिकवायला घेतले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्याला विरोध होता. म्हणजे विद्या देणारा पुरुष आणि अडवणाऱ्या बायका, असे चित्र दिसते. भाबडा वाचक इथेच थांबतो. पण विचारा, त्या बायका का अडवीत होत्या? त्यांच्या हाती त्या घरात दुसरे काय होते? 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे. १८५७च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाल्यानंतर ते जडले, असे त्या सांगतात. तिथे बंधन घालणारा पुरुष आहे. दोन पुस्तके शेजारी ठेवली की 'बायकांच्या शत्रू बायका' हे सोपे वाक्य आपल्याला लिहिता येत नाही. एकट्या पुस्तकावरून जो निष्कर्ष झटकन काढला असता, त्याला दुसरे पुस्तक लगाम घालते. जोडीच्या पुस्तकाचे खरे काम हेच.

पुस्तक कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले हेही विसरू नये. रमाबाई एका सर्वमान्य पुढाऱ्याच्या आठवणी लिहीत होत्या. पुस्तकाला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. वाचक रानड्यांना ओळखणारा, मानणारा. तिथे वाकडा शब्द निघणे कठीण. लक्ष्मीबाईंनी लिहिले ते पंचवीस वर्षांनंतर, बदललेल्या महाराष्ट्रात, आणि वेगळ्या समाजात राहून आल्यावर. म्हणून एक धीट आणि दुसरी भित्री असा निकाल देणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी नेमके हेच करतात. निबंधाच्या शेवटी न्यायाधीश होऊन बसतात, आणि कोण श्रेष्ठ ते जाहीर करतात. तुलना ही कुस्ती नव्हे. निकाल लावायचा नाही, समज वाढवायची आहे.

आता चौथ्या नात्याकडे, म्हणजे दूरच्या शेजाऱ्याकडे येऊ. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघी ब्राह्मण घरांतल्या. नवऱ्याचे नाव घेणे न घेणे हा सगळ्या मराठी बायकांचा एकच प्रश्न होता का? हे विचारायचे असेल तर बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' उघडा. फलटणच्या या लेखिकेने किराणा मालाच्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लेखन केले. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते प्रसिद्ध होऊ लागले, १९८६ साली पुस्तक झाले. त्याच्या नावातच 'माझे' नाही, 'आमुचं' आहे. नवरा त्यात फारसा येत नाही. येते ती महारवाड्यातली भूक, सासुरवास, आणि बाबासाहेबांच्या हाकेने उठलेली माणसे. आता आपला प्रश्नच बदलतो. नवऱ्याला काय म्हटले, याऐवजी 'मी' असे म्हणायला कोणाला परवडते आणि 'आम्ही' कोणाला म्हणावेसे वाटते, असा प्रश्न उभा राहतो. चांगले जोडीचे पुस्तक उत्तर देऊन थांबत नाही. प्रश्नाला धार लावते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. रमाबाईंचे पुस्तक तिने घेतले, निबंधाचा आराखडाही केला. पण एके दिवशी तास संपल्यावर म्हणाली, "सर, ही सगळी शिकलेल्या बायकांची पुस्तकं. माझ्या आजीला तर अक्षर येत नाही. तिचं काय?" मी विचारले, आजी गाते का? म्हणाली, "जात्यावरच्या ओव्या येतात तिला, पुष्कळ." मी म्हटले, मग अडले कुठे? ते जोडीचे पुस्तकच आहे, फक्त छापलेले नाही.

श्रोतेहो, यात विनोद नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. साहित्य म्हणून अभ्यासाव्यात अशाच त्या आहेत. त्यात बाई कोणाशी बोलते? जात्याला ती देव मानते, त्याच्यापाशी मन मोकळे करते. समोर बसून दळू लागणाऱ्या सोबतिणीला ऐकवते. भाऊराया आणि माहेर यांच्यावर ओवीमागून ओवी येते. म्हणजे ऐकणारा बदलला की सांगणे बदलते. रमाबाईंचा ऐकणारा रानड्यांना मानणारा सुशिक्षित समाज. लक्ष्मीबाईंचा ऐकणारा जणू ओसरीवर येऊन बसलेला ओळखीचा माणूस. आणि ओवीचा ऐकणारा दगडाचे जाते आणि पहाटेचा अंधार. त्या मुलीने आजीच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या, कोणती ओवी कोणत्या प्रसंगी म्हणायची ते तिला विचारून लिहिले, आणि निबंधाचा शेवटचा भाग त्यावर केला. पहिले दोन भाग नीटनेटके होते. पण जीव होता तो तिसऱ्या भागात. ती आपल्या घरातून पुस्तकाकडे गेली आणि पुस्तकातून घराकडे आली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माझे खरे सांगणे इथे आहे. खेड्यातले मूल आमच्याकडे येते ते मनाशी हे ठरवून, की साहित्य म्हणजे दुसऱ्यांचे, शहरातले, छापलेले. आपल्या घरात काही नाही. मग ते मूल बाजारातले मार्गदर्शक आणते, त्यातली साम्ये आणि भेद उतरवून काढते, आणि परीक्षेत पास होते. पास होते, पण त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य त्यात नसते. तौलनिक निबंधाची खुबी ही, की दोन पुस्तकांमधली जागा मोकळी असते. तिथे मार्गदर्शक पोचत नाही. ती जागा वाचणाऱ्याने स्वतःच भरायची असते. तिथे मूल आपल्या घरचा अनुभव घेऊन उभे राहू शकते. तेवढी जागा आपण त्याला मिळवून दिली पाहिजे.

आता थोड्या व्यवहाराच्या सूचना.

निबंध लिहिताना आधी एका पुस्तकावर पाच पाने आणि मग दुसऱ्यावर पाच पाने असे करू नये. ते दोन बैल दोन शेतांत हाकल्यासारखे होते. एक मुद्दा घ्यावा, त्यावर दोन्ही पुस्तके बोलती करावीत, मग दुसरा मुद्दा. तीन मुद्दे पुरतात. पाच घेतले की सगळेच उथळ होतात.

साम्य सापडले की लगेच 'याचा त्यावर प्रभाव पडला' असे लिहू नये. दोन विहिरींना एकाच सुमारास पाणी लागले म्हणजे एकीतून दुसरीत पाणी गेले असे होत नाही; खालचा झरा एक असू शकतो. प्रभाव म्हणायचा तर लेखकाने ते पुस्तक वाचले होते याचा पुरावा हवा. नसेल तर 'साधर्म्य' म्हणावे आणि पुढे जावे.

मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दांकडे पाहावे. 'स्वतः', 'टिळक', 'सरकार', 'आमुचं', हे आज आपण पाहिलेले शब्द किती लहान आहेत! पण निबंधाचे सगळे वजन त्यांनी उचलले.

भाषांतर मिळाले तर त्याकडेही जोडीचे पुस्तक म्हणून पाहावे. 'स्मृतिचित्रे'चे इंग्रजी भाषांतर १९५० साली झाले, त्याचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागून जाते. २०१७ साली शांता गोखले यांनी केलेले भाषांतर निघाले. त्यात मूळ मराठी नाव कायम ठेवून खाली या बाईला तेजस्वी पत्नी म्हटले आहे. बाई तीच, पुस्तक तेच. पण सदुसष्ट वर्षांत मागून जाणारी तेजस्वी झाली. बदलली ती वाचणारी माणसे. आणि बघा, 'पत्नी' हा शब्द मात्र दुसऱ्या वेळीही सुटला नाही.

पुस्तके मिळण्याची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण एकदम दहा पुस्तके लागत नाहीत, दोन लागतात. तालुक्याच्या वाचनालयात ही पुस्तके पुष्कळदा असतात. मागणारा नसतो म्हणून कपाटात राहतात. ठाण्याला १८९३ साली वि. ल. भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. हेच भावे पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून गेले. आधी ग्रंथ एकत्र आले, मग इतिहास लिहिला गेला. शेजारी शेजारी ठेवलेल्या पुस्तकांतूनच असा विचार सुचतो. आपल्या शाळेच्या कपाटात पुस्तके लावतानासुद्धा नुसती लेखकाच्या अक्षरक्रमाने न लावता कधी जोड्यांनी लावून पाहा. 'आत्मवृत्त'शेजारी 'माझे पुराण' ठेवा. मुले विचारतील, ही दोन शेजारी का? त्या प्रश्नाने निम्मे काम झाले.

आणि ज्यांच्या घरी कपाटच नाही, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. या आठवड्यात घरातल्या वृद्ध बाईजवळ बसा आणि तिला विचारा, तुमच्या काळी नवऱ्याला काय म्हणत होता? हाक कशी मारीत होता? रागावल्यावर काय म्हणत होता? ती आधी लाजेल, मग सांगेल. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, सुधारणा न करता, वहीत लिहून ठेवा. खाली तारीख आणि गावाचे नाव घाला. मग रमाबाईंचे किंवा लक्ष्मीबाईंचे पुस्तक मिळवून वाचा. जोडीचा मजकूर आपल्या हाती तयार असेल.

ही कामे पुढे ढकलू नयेत. छापलेली पुस्तके पुढल्या वर्षीही वाचनालयात मिळतील. आजीची वही मात्र आजीच्या हयातीतच लिहावी लागते.